बटणं कोणी लावायची?

प्रश्न : बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणाची मदतनीस म्हणून नुकतीच कामाला लागले आहे. शर्टाची बटणं लावायला तो २० मिनिटं घेतो. मीच लावून दिली तर?

उत्तर : पहिले काही महिने मीही तेच केलं, आणि माझा मुलगा (ज्याची मी मदतनीस आहे तो, मी त्याला मुलगाच म्हणते, वय ३१) हात लोंबते सोडून उभा राहायला शिकला. आता उलट्या क्रमाने जा. वरची सगळी तुम्ही लावा, शेवटचं त्याला लावू द्या. ते जमलं की शेवटची दोन. काम संपवणारा हात दर वेळी त्याचाच. सूचना एकदाच द्या, मग मनात दहापर्यंत मोजा. मला तर सातलाच तोंड उघडावंसं वाटायचं! घाईच्या दिवशी मात्र सरळ टीशर्ट. पण कुठला, ते त्याला विचारून.