टोकियोत एकटीनं फ्रेंच जेवायचंय? काउंटरची जागा घ्या

ऑफिसच्या कामानं टोकियोला एकट्या चालला आहात, एक संध्याकाळ मोकळी आहे आणि उत्तम फ्रेंच जेवण एकदा तरी जेवून बघायचंय. पण पांढरे टेबलक्लॉथ, काट्या-सुऱ्यांची रांग आणि पाठीशी उभा वेटर या सगळ्याचं दडपण येतं. त्यात अंडं चालतं, मांस-मासे नाहीत. तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं.

टोकियोतल्या रोप्पोंगी हिल्स संकुलामधलं ‘लातलिए द जोएल रोब्यूशाँ’ हे रेस्टॉरंट बघा आणि बुकिंग करताना टेबल नको, किचनसमोरचं काउंटरच हवं असं सांगा. हे नाव सुचवण्यामागे कारण आहे. फ्रेंच शेफ जोएल रोब्यूशाँ यांच्या पॅरिसमधल्या ‘जामँ’ या रेस्टॉरंटला 1982 ते 1984 या तीन वर्षांत मिशेलँ या रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या फ्रेंच गाइडचा पहिला, दुसरा आणि तिसरा तारा ओळीनं मिळाला. औपचारिक फ्रेंच जेवणाचं शिखर त्यांनी गाठलेलं होतं. 1996 मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, ते त्यातून निवृत्त झाले. 2003 मध्ये परतले ते टोकियो आणि पॅरिसमध्ये हे काउंटर घेऊनच. जपानच्या सुशी काउंटरवर आणि स्पेनच्या तापास (छोट्या-छोट्या पदार्थांच्या) बारमध्ये माणसं जशी मोकळेपणानं खातात, तसं फ्रेंच जेवण खाता यावं अशी त्यांची इच्छा होती. काळा-लाल रंग, उंच खुर्च्या आणि समोर उघडं किचन. ते 2018 मध्ये वारले, पण ही पद्धत टिकून आहे.

थाट कमी केला म्हणून स्वयंपाकाची शिस्त कमी झालेली नाही, हे समोर बसलं की दिसतं. सॉस चाखला जातो, पुन्हा आटवला जातो, बशीची कड पुसल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. एकट्या माणसाला टेबलावर दोन पदार्थांच्या मधला वेळ खायला उठतो. इथे तोच वेळ बघण्यात जातो. काही विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा, हात मोकळा असेल तर स्वयंपाकी आनंदानं सांगतात.

रोब्यूशाँचं बटाट्याचं प्युरे, म्हणजे घोटलेला मऊ बटाटा, मात्र चुकवू नका. साहित्य फक्त बटाटे, बटर, दूध, मीठ. छापील कृतीत एक किलो बटाट्यांना पाव किलो बटर आहे. त्यांच्या किचनमध्ये ते याहून बरंच जास्त पडायचं असं म्हणतात, आणि चव घेतल्यावर मला ते पटतं. लहान ‘रात’ जातीचे बटाटे सालासकट उकडायचे, म्हणजे आत पाणी शिरत नाही. गरम असतानाच सोलून हातानं फिरवायच्या जाळीच्या यंत्रातून काढायचे. मिक्सर लावला की स्टार्च सुटून चिकट लगदा होतो. मग आचेवर घोटून उरलेली वाफ घालवायची, थंडगार बटर तुकड्या-तुकड्यानं घालत जोरात फेटायचं आणि शेवटी कढत दूध. कष्ट सगळे घोटण्यात आहेत, पुरणासारखे. बहुतेक वेळा हे मांसाच्या पदार्थासोबत येतं, म्हणून वेगळं मिळेल का ते आधीच विचारून ठेवा.

आता शाकाहाराचं, कारण खरी अडचण तिथेच येते. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागणार नाही. फ्रेंच सॉसचा पाया बऱ्याचदा हाडांच्या स्टॉकचा असतो, जपानी स्वयंपाकात सुक्या बोनिटो माशाचं दाशी (पातळ स्टॉक) कुठेही सापडतं, आणि गोड पदार्थांत जनावरांच्या हाडा-कातडीपासूनचं जिलेटिन असू शकतं. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा: मांस, चिकन, मासे, शिंपले, हाडांचा किंवा माशांचा स्टॉक, दाशी, जिलेटिन यांतलं काहीही नको, अंडं, दूध, बटर चालेल. चीजमधल्या रेनेटचं (दूध फाडायला वापरतात, बऱ्याचदा वासराच्या पोटातलं) वावडं असेल तर तेही लिहा. ऐनवेळी सांगितलंत तर सॅलड आणि भाज्यांवर संध्याकाळ काढावी लागेल. आधी कळवल्यावर काय जमेल ते स्पष्ट सांगतात, आणि जमणार नसेल तर दुसरी जागा शोधायला तुम्हाला वेळ मिळतो.

कपड्यांची फार चिंता नको. नीटनेटका कुर्ता किंवा शर्ट-पँट पुरते. उग्र अत्तर मात्र लावू नका. शेजारी अगदी जवळ असतो आणि त्यालाही समोरच्या पदार्थाचा वास घ्यायचा असतो. जपानमध्ये टिप ठेवत नाहीत, पण अशा ठिकाणी सर्व्हिस चार्ज बिलातच लागतो, तो धरून हिशेब करा. खर्च जास्त वाटला आणि दुपार मोकळी काढता आली तर लंचचा ठरलेला मेन्यू बराच स्वस्त पडतो.

पुढे कधी पॅरिसच्या अशा काउंटरवर गेलात तर ‘कराफ दो’ मागा, नळाचं पाणी फुकट देतात. तिथे सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात. आणि तीनपेक्षा जास्त माणसं असतील तर टेबलच घ्या, काउंटरवर टोकाच्या दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही.

संध्याकाळची सगळ्यात पहिली वेळ घ्या. तेव्हा किचनवर ताण कमी असतो आणि स्वयंपाकी बोलायला मोकळे असतात.