मुलगी अमेरिकेत अकरावीत आहे, एसएटीचा क्लास आत्ताच लावावा का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या ओळखीच्या सगळ्यांनी मुलांना सप्टेंबरपासूनच एसएटीचा, म्हणजे इथल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेचा, क्लास लावलाय आणि आपली मुलगी मागे पडेल अशी धास्ती वाटते. मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावीला गणित शिकवते. माझं सरळ मत असं की फी भरण्याआधी एका शनिवारी सकाळी तिला घरीच पूर्ण सराव परीक्षा देऊ द्या. एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डचं ब्लूबुक ॲप फुकट आहे आणि खरी परीक्षाही त्यावरच होते. वेळ २ तास १४ मिनिटं, मधे १० मिनिटं सुट्टी, फोन दुसऱ्या खोलीत. तो स्कोअर बघितल्याशिवाय क्लास हवा की नको हे कोण सांगणार?

मग चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून त्यापुढे कारण लिहायला सांगा: येतच नव्हतं, वाचताना घाई केली, की वेळ पुरला नाही. घाईच्या चुका क्लासने जात नाहीत, सवयीने जातात. आणि या परीक्षेत त्या महागात पडतात. इंग्रजी आणि गणित, दोन्हींचे दोन-दोन भाग असतात. पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड हे ठरतं, आणि सोपा आला तर कितीही बरोबर सोडवला तरी वरचा स्कोअर मिळत नाही. उणे गुण नाहीत, त्यामुळे कोरं काही सोडायचं नाही.

गणिताला डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. रेषा आणि पॅराबोला कुठे छेदतात असं विचारलं तर दोन्ही समीकरणं टाइप करायची, छेदबिंदूवर क्लिक करायचं, झालं. आपल्याकडची कितीतरी मुलं हेच कागदावर सोडवत बसतात, कारण कॅल्क्युलेटर लागणं म्हणजे कमीपणा, असं घरी ऐकलेलं असतं. कृपा करून तसं म्हणू नका.

ऑक्टोबरची पीएसएटी, म्हणजे एसएटीची पूर्वपरीक्षा, चुकवू नका; नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी तिचा अकरावीतलाच स्कोअर धरतात. पहिली एसएटी मार्चमध्ये, गरज पडली तर दुसरी ऑगस्टमध्ये.

पण आपण बारावी बोर्ड आणि जेईईच्या जगातून आलोय, म्हणून एका परीक्षेवर सगळं ठरतं असं आपल्याला वाटत राहतं. इथे एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये एसएटी किंवा तशीच दुसरी परीक्षा एसीटी पुन्हा सक्तीची केली, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी हे स्कोअर बघतच नाही. ग्रेड मात्र सगळेच बघतात, आणि अर्ज करताना हातात असलेलं शेवटचं पूर्ण वर्ष अकरावीचंच असतं. क्लासपायी जागरणं होऊन केमिस्ट्रीत बी मिळाला तर तोटाच.

शिफारसपत्रंही बहुधा अकरावीच्या शिक्षकांकडून घेतात. नुसती बरोबर उत्तरं देऊन गप्प बसणाऱ्या मुलीबद्दल मला चार ओळींपलीकडे सुचत नाही. अडलेलं गणित घेऊन जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येणाऱ्या मुलीबद्दल पान भरतं. तुमच्या मुलीला शाळेची उन्हाळी सुट्टी लागायच्या आत पत्रासाठी विचारायला सांगा.

कॉलेजांची यादी करताना प्रत्येकाच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (आर्थिक मदत वजा जाता आपल्याला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा) तुम्ही स्वतः भरा. अर्ली डिसिजनमध्ये, म्हणजे पहिल्या पसंतीच्या एकाच कॉलेजला लवकर अर्ज करण्याच्या पद्धतीत, प्रवेश मिळाला की जायचं बंधन असतं आणि त्याची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते. तेव्हा किती खर्च झेपेल हे बोलणं बारावी सुरू व्हायच्या आत, मुलीला समोर बसवून करा.