जुन्या ट्रॅव्हलरचा कॅम्पर करताय? आधी वजन, वायर आणि फ्यूज

तुम्ही लिहिलंय की २०१६ ची तेरा सीटची फोर्स ट्रॅव्हलर सेकंडहँड घेतलीय, सीटा काढून आत बेड, ओटा असं सगळं करायचंय आणि गणपतीनंतर बायको, दोन मुलं आणि आईंना घेऊन चार दिवस दापोलीकडे जायचंय. यादीत दीड टनाचा एसी आहे, मायक्रोवेव्ह आहे, घरी पडून असलेली १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) इन्व्हर्टरची बॅटरी आहे, आणि विचारलंय की टपावर सोलर किती वॅटचं बसवू. मी नऊ वर्षं अशीच एक ट्रॅव्हलर सांभाळतोय, आधी तिच्यात बऱ्याच गोष्टी दोनदा कराव्या लागल्या, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सोलरचा आकडा हा शेवटचा प्रश्न आहे. आधी रोजचा खर्च किती ते काढा, मग बॅटरी, मग वायर आणि फ्यूज, आणि मग सोलर.

हिशोब वॅट-अवरमध्ये करायचा, म्हणजे किती वॅट आणि किती तास. चाळीस लिटरचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज साधारण ४५ वॅट घेतो पण सतत चालत नाही, आपल्याकडच्या उकाड्यात दिवसातला चाळीस टक्के वेळ धरा, म्हणजे ४३० च्या आसपास झाले. बारा व्होल्टचे दोन पंखे २० वॅटचे, रात्रभर दहा तास, म्हणजे ४००. चार एलईडी शंभर, मोबाईल आणि एक लॅपटॉप दीडशे, पाण्याचा पंप वीसेक. झाले ११००, वरती थोडी गळती धरून १२५०. आता घरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची आहे, पण लेड-अ‍ॅसिड रोज निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने संपतं, म्हणजे हातात ९००. एक अख्खा दिवससुद्धा पुरत नाही, वजन पन्नास किलोच्या वर, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, तो झोपायच्या जागेत नकोच. ती घरीच राहू द्या.

लिथियममध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, १२.८ व्होल्टची २०० एएच, म्हणजे २५६० वॅट-अवर आणि त्यातले ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येतात. तुमच्या कुटुंबाला दीड दिवस आरामात. आणि एसीचं म्हणाल तर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात सरासरी ७०० वॅट जरी धरला तरी आठ तासांचे ५६०० होतात, म्हणजे अशा दोन बॅटऱ्या एका रात्रीत रिकाम्या. एसी हवाच असेल तर तो फक्त होमस्टेवाल्याच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चालवायचा असं आत्ताच ठरवा, बॅटरीवर नाही. तशी बाहेरून लाईन घ्याल तेव्हा आत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायच्या वेळी लाईन तोडणारा स्विच, हवाच, पत्र्याच्या डब्यात पाच माणसं झोपणार आहेत. मायक्रोवेव्हचंही तेच, आठशे वॅटचा म्हणतात पण ओढतो बाराशे, आणि बारा व्होल्टवर बाराशे वॅट म्हणजे शंभर अँपिअर, इन्व्हर्टरची गळती धरून त्याच्याही वर. दूध गरम करायला शेगडी बरी.

अजून एक, इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १० ते २० वॅट खात बसतो, चोवीस तासांचे अडीचशे ते पाचशे झाले, म्हणजे अख्ख्या फ्रीजइतके! लोक इथे फसतात आणि बॅटरीला दोष देतात. जे जे बारा व्होल्टवर मिळतं ते बारावरच घ्या, आणि इन्व्हर्टरचं बटण हाताशी ठेवा.

आता ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो ते. सहा वर्षांपूर्वी मी वायरिंग एकाकडून करून घेतलं होतं. काम दिसायला सुंदर, केसिंग पट्टी, लेबलं, सगळं. दिवेआगरला मुक्काम होता, रात्री दोनला माझ्या मुलीला जळक्या प्लॅस्टिकचा वास आला म्हणून तिने उठवलं, बघतो तर बेडखालून धूर. बॅटरीकडून मागे जाणारी जाड वायर पत्र्याच्या भोकातून नेली होती, त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसवायची रिंग, नव्हतं, घाटातल्या हादऱ्यांनी वायरचं कव्हर घासून घासून तांबं पत्र्याला लागलं. आणि फ्यूज? फ्यूज बॉक्स होता, पण गाडीच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे बॅटरी ते फ्यूज बॉक्स या चार मीटरला कसलंच संरक्षण नाही, आणि शॉर्ट नेमका त्यातच. दहा नंबरचा पाना दाराच्या कप्प्यात होता म्हणून टर्मिनल सुटलं, हाताला फोड आले पण कुणाला काही झालं नाही. मुलांना चादरीत गुंडाळून आम्ही उजाडेपर्यंत बाहेर बसून होतो. ती रात्र मी विसरलेलो नाही.

त्यामुळे पहिला फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात. फ्यूज वायरला वाचवायला असतो, फ्रीजला किंवा पंख्याला नाही, त्यामुळे त्याचा आकडा वायरच्या क्षमतेवरून ठरतो. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट, वरून फ्लेक्झिबल कॉन्ड्युट, आणि दर फूटभरावर क्लिप. लग्ज, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या टोप्या, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नाही, कारण सैल लग म्हणजे उष्णता. पुण्यात तापकीर गल्लीत मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर हवी त्या साईजची मिळते, दुकानदाराला स्पष्ट सांगा की गाडीसाठी हवी, घरगुती एकेरी तारेची वायर हादऱ्यांनी आतल्या आत तुटते.

वायरची जाडी पण मोजूनच. माझा फ्रीज बॅटरीत चार्ज असतानाही सारखा बंद पडायचा, दोन वेळा मेकॅनिककडे नेला, त्यात काही दोष नव्हता. मग मीटर लावला, बॅटरीवर १२.२ आणि फ्रीजच्या प्लगवर ११.३. दीड चौरस मिलीमीटरची वायर सात मीटर लांब नेली होती, जाऊन येऊन चौदा मीटर, रस्त्यातच जवळपास एक व्होल्ट गळत होता आणि फ्रीजला वाटायचं बॅटरी संपली. सहा चौरस मिलीमीटरची टाकली, तेव्हापासून कटकट नाही. तुम्ही दहा अँपिअर पाच मीटरवर नेणार असाल तर अडीचच्या वायरमध्ये ०.७ व्होल्ट जातो आणि सहाच्या वायरमध्ये ०.३, बारा व्होल्टच्या सिस्टीममध्ये हा फरक फार मोठा आहे. दोनशे रुपयांचा मल्टीमीटर आजच घ्या.

चार्जिंगला सोलरपेक्षाही आधी डीसी-टू-डीसी चार्जर घ्या, तीस अँपिअरचा, तो गाडी चालताना अल्टरनेटरच्या (इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) विजेवर बॅटरी भरतो. लिथियमला डायरेक्ट अल्टरनेटरशी जोडू नका, ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो. हा चार्जर मध्ये असला की ठरलेलाच करंट जातो, आणि इंजिन बंद झालं की गाडीची स्टार्टरची बॅटरी वेगळी राहते, सकाळी धक्का मारायची वेळ येत नाही. तीस अँपिअर म्हणजे तासाला साधारण ४०० वॅट-अवर, पुण्याहून दापोलीला पाच तास धरले तर दोन हजार भरतात, पोचलात की बॅटरी जवळजवळ फुल. यानंतर सोलर ४०० वॅट बसवा, एमपीपीटी कंट्रोलरसह (तो पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरतो). हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी १४०० च्या आसपास मिळतील, तुमचा रोजचा खर्च निघतो. पावसाळ्यात मात्र ढगाळ दिवशी पाचवा हिस्सा मिळाला तरी समाधान माना, आणि गणपतीनंतर कोकणात ढग असतातच. पॅनल आणि टप यांच्यात दोन-तीन इंच हवा खेळू द्या, पॅनल तापलं की वीज कमी देतं. टपाला भोकं पाडाल तिथे पॉलियुरेथेन सीलंट लावा, साधं सिलिकॉन नको, ते सुटलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही आणि पहिल्याच पावसात गादीवर पाणी येतं.

लाकडाचं. टिंबर मार्केटमध्ये आयएस ७१० चा मरीन प्लाय मागा, पण सगळीकडे १८ एमएम लावू नका. आठ बाय चारच्या एका १८ एमएम शीटचं वजन साधारण ३५ किलो होतं, १२ एमएमचं तेवीसेक. सुतार घरातल्या फर्निचरसारखं मजबूत करायला बघतो, त्याला दोष नाही, पण गाडीत मजबुती जाडीने येत नाही, फ्रेम आणि बोल्टने येते. इन्सुलेशनला एसीच्या डक्टला वापरतात तो क्लोज्ड सेल नायट्राईल फोम. ग्लासवूल नको, ओल धरतं. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामातून अर्धा-पाऊण लिटर पाणी बाहेर टाकतात आणि तुम्ही पाच जण आहात, कोकणची दमट हवा वेगळीच, तेव्हा टपाला एक एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या बाजूला थोडी खिडकी उघडी ठेवा.

स्वयंपाक गाडीला ताडपत्री बांधून बाहेरच करा. आत करायचाच असेल तर सिलिंडर वेगळ्या बंद पेटीत, जिचं भोक तळातून थेट बाहेर उघडतं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचतो. म्हणून गॅस डिटेक्टर फरशीलगत आणि कार्बन मोनॉक्साइडचा झोपतो त्या उंचीला, दोन्ही वेगळे. दारं बंद करून शेगडीवर उब घ्यायचा प्रयत्न कधीच नको.

आणि हे सगळं ज्या चाकांवर बसणारे ती चाकं! टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सात-आठ वर्षांचं टायर घाटात नेऊ नका. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं, मला ताम्हिणी उतरताना एकदा हा अनुभव आला, तेव्हा ऑईल चार वर्षं बदललं नव्हतं. दोन वर्षांनी बदला, आणि उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरा. लायनर, व्हील बेअरिंग, होसेस हे नाना पेठेत एका फेरीत मिळून जातं. समुद्राकाठून आलात की चासी खालून गोड्या पाण्याने धुवा, आणि वाळूत गाडी घालू नका, कुणी कितीही म्हटलं तरी.

कागदपत्रांचं आधी बघा, पत्रा कापायच्या आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल चालत नाही, सीटा काढून बेड करणं त्यातच येतं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे. तुमची गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची असेल तर ते अजून वेगळं प्रकरण, तेव्हा आरटीओत लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही बदल कळवून ठेवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण येते.

आईंसाठी एक सांगतो, माझी आईही बरोबर यायची. दारातली पायरी उंच असते, लोखंडी घडीची जादा पायरी फॅब्रिकेटरकडून करून घ्या, दाराला धरायला उभा दांडा, आणि त्यांचा बेड दाराजवळ खालच्या उंचीला. पायाशी एक मंद दिवा रात्रभर. या चार गोष्टी एसीच्या आधी करा, त्या नसतील तर आई दुसऱ्या दिवशीच घरी जाऊया म्हणतील.

आता लगेचचं काम एकच. सीटा काढल्यावर, काहीही बसवायच्या आधी, गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. आरसीवरचं ग्रॉस व्हेईकल वेट बाजूला लिहा, त्यातून हे वजा केलं की तुमच्या हातात किती किलो उरले ते कळेल, आणि शंभर लिटर पाणी, पाच माणसं, तीन प्लायच्या शीटा म्हटलं तरी त्यातले पाचशे गेले. ते तिन्ही आकडे इथे टाका, पाण्याची टाकी पुढच्या अ‍ॅक्सलकडे बसवायची की मागे ते त्यावरून सांगतो.