वर माणूस असताना चाकांचा टॉवर सरकवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉलच्या छताचं रंगकाम आहे, सहा मीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा टॉवर (चाकांवरची परांची) आहे, थोड्या थोड्या वेळाने तो पुढे सरकवावा लागतो. रंगारी दरवेळी उतरत बसला तर दिवस चढ-उतारातच जातो. मग त्याला वरच ठेवून दोघांनी खालून ढकललं तर काय बिघडतं? आणि चाकांना ब्रेक असताना आउटरिगर, म्हणजे पाया रुंद करणारे बाजूचे तिरपे टेकू, कशाला?

ढकलायचा नाही. आणि आउटरिगर लावायचेच. आता कारण सांगतो, कारण नुसतं ‘नियम आहे’ म्हटलं की साइटवर ‘आजवर काही झालं नाही’ हे उत्तर तयारच असतं.

असा टॉवर सहसा मोडून पडत नाही, आडवा होतो. हिशोब करून बघा. पायाची रुंदी 1.35 मीटर धरा. लांबी कितीही असली तरी मोजायची ती अरुंद बाजूच. टॉवर, माणूस, डबे मिळून 250 किलो. उलटण्याला विरोध करतो तो या वजनाचा आणि अर्ध्या रुंदीचा गुणाकार, म्हणजे साधारण 169. याला सहा मीटरने भागा: वरून आडवा 28 किलोचा जोर लागला की एका बाजूची चाकं जमीन सोडतात. भिंतीत ड्रिल दाबणारा गडी एवढा जोर सहज लावतो. ब्रेक चाकाला फिरू देत नाही, पण उचललं जाण्यापासून तो अडवत नाही. आउटरिगरने पाया तीन मीटर झाला की तोच आकडा 62 च्या वर जातो.

सरकवताना याहून वाईट. चाकाखाली केबल किंवा खडीचा तुकडा आला की तळ थांबतो आणि वरचा भाग पुढे जात राहतो, बसने करकचून ब्रेक मारल्यावर उभ्या प्रवाशाचं होतं तसं. वरच्याने बीम धरून टॉवर स्वतःच ओढून घेणं हा तर सर्रास चालणारा प्रकार, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. जोर बरोबर नको त्या उंचीवर लागतो.

अमेरिकेच्या ओशा (कामगार-सुरक्षा खातं) नियमांत वर माणूस ठेवून सरकवायची सवलत आहे, आणि लोक ती हमखास पुढे करतात. अटी मात्र कोणी वाचत नाही: जमीन 3 अंशांच्या आत सपाट, खड्डे-अडथळे नाहीत, आणि खास चाचणी झालेला टॉवर सोडला तर उंची पायाच्या दुपटीच्या आत. 1.35 ची दुप्पट 2.7 मीटर. तुमचा टॉवर सहाचा आहे.

तेव्हा माणूस, डबे, हत्यारं सगळं खाली. वाटेतला कचरा झाडून घ्या, डोक्यावर वायर आहे का बघा. ॲल्युमिनियममधून करंट उतरतो. ब्रिटनमध्ये सरकवण्याआधी उंची 4 मीटरपर्यंत उतरवायला सांगतात. कटकट आहे, पण मला पटतं. आउटरिगर काढू नका, जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढेच उचला. ढकलायचं ते तळाशी धरून. जागेवर आलं की ब्रेक, आउटरिगर, लेव्हल पुन्हा तपासायचं आणि मगच माणूस वर, तोही आतल्या शिडीने. बाहेरून फ्रेमवर लोंबकळत चढणं म्हणजे पुन्हा तोच आडवा ओढा.

वेळ वाचवायचा तर दुसरा टॉवर भाड्याने घ्या. रंगारी एकावर काम करतो तोवर दुसरा पुढच्या जागी लागतो. सपाट, पक्क्या फरशीवर सीझर लिफ्ट (कात्रीसारख्या दांड्यांवर वर-खाली होणारं यंत्र) त्याहून सोपी. हात पुरत नाही म्हणून फळीवर स्टूल किंवा ड्रम ठेवणं मात्र बंद करा. त्यावर उभ्या माणसाला रेलिंग गुडघ्याशी येतं. टॉवरचा एक टप्पा वाढवा आणि उंचीचा हिशोब पुन्हा करा.

उभारणीबद्दल एकच: नव्या फळीवर आधी उभं राहून मग रेलिंग लावू नका. झडपेच्या फळीत (वर चढायला झाकणाची वाट असलेल्या), पाय खाली सोडून, बसूनच रेलिंग अडकवायचं आणि मग वर यायचं.

पुढे बाहेरचं कामही याच टॉवरने करणार असाल तर युरोपीय मानकातली उंचीची मर्यादा आत 12 मीटर, बाहेर 8 मीटर आहे. त्यावर हिरवी जाळी बांधायचा विचार असेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते आधी बघा, कारण जाळीत वारा भरला की वरचा 28 किलोचा हिशोब माणसाने हातही न लावता पुरा होतो.