टॅक्स शून्य झालाय, नोंदणी गेलेली नाही

टेक्सासमधल्या एका वाचकाचा मेसेज आलाय, आणि जानेवारीपासून असे बरेच येतायत म्हणून एकदाच नीट लिहिते. यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, साडेदहा इंची नळीचं, एआर-१५ रायफलच्या धर्तीचं एआर पिस्तूल आहे, रीतसर घेतलेलं. १ जानेवारी २०२६ पासून आखूड नळीची रायफल बनवण्यावरचा टॅक्स गेला असं ऐकलं, म्हणून त्याला खांद्याला टेकवायचा स्टॉक बसवला, रेंजवर जाऊन आले, ग्रुपवर फोटोही टाकला, आणि आता विचारतायत की फॉर्म १ (अशी रायफल बनवायची परवानगी मागणारा सरकारी अर्ज) आत्ता भरला तर चालेल ना, की नोंदणीचा नियमच कोर्टात उडणारे तर थांबू?

दोन्हीला उत्तर एकच, 'नाही'.

नळी १६ इंचाच्या आत आणि वर स्टॉक, म्हणजे १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली ती नोंदणी लागणारी शॉर्ट बॅरल (आखूड नळीची) रायफल झाली. तुमचं सगळं प्रकरण अडतं ते कलम ५८२२ वर. बनवायच्या *आधी* अर्ज, अर्ज मंजूर, मगच जोडणी. टॅक्स २०० डॉलर असो नाहीतर शून्य, हा क्रम तसाच आहे. २०२५ च्या बजेट बिलात नोंदणीच काढून टाकायचा प्रयत्न झाला होता, पण सिनेटच्या पार्लमेंटेरियननी (सभागृहाचे नियम सांगणारा अधिकारी) सांगितलं की हे बर्ड रूलमध्ये (बजेट बिलात पैशांशी थेट संबंध नसलेल्या तरतुदी रोखणारा नियम) बसत नाही, म्हणून नुसता टॅक्स शून्यावर आणला, तोही मशीनगन आणि डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस (बॉम्ब, ग्रेनेडसारख्या वस्तू) सोडून. बातमीचं फक्त हेडिंग वाचून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की असं होतं.

आता फॉर्म भरणं म्हणजे वरातीमागून घोडं. बनलेल्या बंदुकीची मागाहून नोंदणी करायची सोय कायद्यात नाही, १९६८ साली एक महिनाभराची माफी होती, तेवढीच. कोणीतरी तुम्हाला कलम ५८४८ दाखवेल, की नोंदणीसाठी दिलेली माहिती मागच्या गुन्ह्यासाठी तुमच्याविरुद्ध वापरत नाहीत. खरंय, पण खोट्या माहितीला ते संरक्षण नाही, आणि फॉर्म १ मध्ये तुम्ही 'बनवणार आहे' असं लिहिणार, जी वस्तू कपाटात बनून पडलीये.

राहिले खटले. टेक्सासमध्ये आणि मिसूरीत दाखल झालेत आणि मुद्दा कच्चा नाहीये. १९३७ च्या सॉन्झिन्स्की निकालात सुप्रीम कोर्टाने हा कायदा टॅक्स लावायच्या अधिकारावर टिकवला होता, मग टॅक्सच शून्य झाल्यावर नोंदणी कशावर उभी आहे? सरकारकडे आंतरराज्य व्यापारावर नियंत्रण ठेवायच्या अधिकाराचा युक्तिवाद आहे, कोण जिंकेल यावर मी पैज लावणार नाही. जिंकले तरी अपील, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या कासा निकालानंतर मनाईहुकूम शक्यतो दावा लावणाऱ्यांपुरताच. तुम्ही त्या दाव्यात नाही. कोर्टाची चाल आपल्याला माहितीये, आणि तोवर रोजचा ताबा हाच कलम ५८६१ खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा.

अमेरिकन शेजाऱ्याला एवढंच. तुम्हाला त्याहून जास्त, कारण इमिग्रेशनच्या कायद्यात ॲग्रव्हेटेड फेलनीच्या (हद्दपारी ओढवणारे गंभीर गुन्हे) यादीत ५८६१ नाव घेऊन लिहिलंय. दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड जाऊ शकतं, सिटिझनशिपचा रस्ता तर बंदच. सरकारी वकिलाने 'कबूल करा, जेल नको' अशी ऑफर दिली तरी हेच लागू, म्हणून क्रिमिनल वकिलासोबत इमिग्रेशनचा वकीलही बसवा.

आज काय करायचं तर स्टॉक काढा आणि घरात ठेवू नका. तुमच्याकडे १६ इंची दुसरी रायफल नसेल तर तो सुटा स्टॉकही जोडायच्या तयारीतला माल म्हणून धरला जाऊ शकतो. बंदूक मित्राकडे ठेवायला देऊ नका, ते वेगळंच लफडं. फोटो डिलीट करू नका, वकिलाला दाखवा. एटीएफला (बंदुकांचे कायदे राबवणारं केंद्रीय खातं) स्वतःहून फोन, मेल काही नाही. नंतर कधी फॉर्म १ भरायचा असेल तर तो स्थानिक वकिलाने आधी पाहिलेला असावा, मंजुरी आल्यावर रिसीव्हरवर (बंदुकीचा मुख्य सांगाडा) नाव, शहर, राज्य कोरून घ्यायचं आणि मगच जोडायचं.

एच-१बी वाल्यांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नका, तुम्हाला साधी बंदूक बाळगायलाही मनाई आहे, शिकारीच्या लायसन्ससारखा अपवाद हातात नसेल तर.