प्रार्थनेला येणारी 'ती' मुलगी : मंडळाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की एका प्रतिष्ठित कुटुंबासोबत त्यांच्या घरी काम करणारी तरुणी दर आठवड्याला तुमच्या मंडळाच्या प्रार्थनेला येते, पण एकटी कधीच दिसत नाही. नाव विचारलं तरी उत्तर मालकीणबाई देतात. हा मानवी तस्करीचा प्रकार असेल का?

असू शकतो. पण त्याची खात्री करून घेणं तुमचं काम नाही. तस्करी म्हटलं की पळवून नेऊन कोंडलेली मुलगी डोळ्यांसमोर येते. 2000 सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलमधली, म्हणजे मानवी तस्करीविरोधी संयुक्त राष्ट्रांच्या करारातली, व्याख्या बरीच व्यापक आहे. फसवून, धाक दाखवून किंवा अगतिकतेचा फायदा घेऊन शोषणासाठी माणूस आणणं किंवा ठेवून घेणं, हे सगळं त्यात येतं. अशा मार्गाने मिळवलेल्या संमतीला तिथे किंमत नाही; 18 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर फसवणूक किंवा बळजबरी झाली का, हेही बघायचं नसतं. तेव्हा 'ती स्वतःहून आली' म्हटल्याने विषय संपत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या मजुरीत होती. त्यांतली 63 लाख लैंगिक शोषणात. बाकीच्यांत शेतं, बांधकामं, कारखाने आणि घरकाम आलंच.

नुसतं बुजरेपण हे लक्षण धरू नका, लाजाळू माणसं सगळीकडे असतात. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसतात का ते पाहा : कागदपत्रं मालकाकडे, पगार 'जमा होतोय' पण हातात नाही, आणण्याचा खर्च कर्ज म्हणून डोक्यावर, सुट्टी नाही, स्वतःचा फोन नाही. साधा प्रश्न विचारला की ती आधी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघते. हे शेवटचं मी फार वेळा पाहिलंय.

आता काय करू नये. मालकीणबाईंना जाब विचारू नका, दुसऱ्या दिवशी मुलगी दिसेनाशी होईल. पाठलाग, लपून फोटो, घरी धडकणं, काही नको. दुभाषी लागला तर त्या कुटुंबातला किंवा त्यांच्या ओळखीचा चालणार नाही. चिठ्ठीही हातात देऊ नका, घरी पर्स तपासली जाते. त्यापेक्षा हेल्पलाइनचा नंबर तिला वाचता येईल अशा भाषेत स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा; तेवढीच जागा अशी असते जिथे ती एकटी जाते. मंडळातल्या एखाद्या बाईने तिच्याशी इकडचं-तिकडचं बोलत राहावं. विश्वास बसायला महिने लागतात आणि प्रार्थनास्थळाचा फायदा तोच, की ती पुन्हा पुन्हा तिथे येते. जे दिसलं ते तारखेसह लिहून ठेवा, तुमचे तर्क वेगळे ठेवा आणि आजच हेल्पलाइनवर किंवा या क्षेत्रातल्या संस्थेशी बोला. ती अल्पवयीन वाटत असेल किंवा मारहाण दिसत असेल तर विश्वास बसायची वाट न बघता थेट पोलीस.

खरी अडचण वेगळीच आहे. ते कुटुंब देणगीदार आहे, पहिल्या रांगेत बसतं. 2 डिसेंबर 2014 रोजी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस, इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू जस्टिन वेल्बी, माता अमृतानंदमयी आणि बौद्ध, ज्यू, मुस्लिम धर्मगुरूंनी 2020 पर्यंत आधुनिक गुलामगिरी संपवण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. 2020 कधीच उलटून गेलं. सही करायला फारसं काही लागत नाही हो, आपल्याच विश्वस्ताबद्दल तोंड उघडायला लागतं. म्हणून आत्ताच, कुणाचंही नाव न घेता, नियम ठरवा : अशी शंका कुणाच्या कानावर घालायची, आणि ती व्यक्तीच संबंधितांची नातलग निघाली तर कुणाच्या.

उद्या ती सुटली तर तिला राहायला जागा, वकील, डॉक्टर लागतील, आणि तारखांना सोबत कोणीतरी. खटले रेंगाळतात, दोन-तीन महिन्यांत मंडळाचा उत्साह ओसरतो; तेव्हा पाळ्या आधीच लावून ठेवा. तिने तुमचा धर्म पाळावा किंवा व्यासपीठावर येऊन आपली कहाणी सांगावी, ही अट आडूनसुद्धा घालू नका.