बॉनेटखालचा दिवा लागत नाही? स्विचला शेवटी हात लावा

लगेच नवा स्विच मागवू नका, सगळे नवखे तेच करतात. आधी बल्ब काढून होल्डरमध्ये डोकवा. पितळी पट्टीवर हिरवट थर असेल तर बारीक सँडपेपरने घासा. मग फ्यूज. उडाला असेल तर जास्त अँपिअरचा टाकू नका, वायर जळते.

आता बॉनेट उघडं ठेवून होल्डरला १२ व्होल्ट येतात का, ते टेस्ट लॅम्पने (वीज आली की पेटणारा तपासणीचा छोटा दिवा) बघा. येत असतील तर अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, तपासा. जुन्या कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारसारखी फायबरग्लास बॉडी करंट वाहून नेत नाही, त्यामुळे अर्थिंगला वेगळी वायर लागते. बिजागरीपाशी वाकून वाकून वायर आतून तुटते आणि वरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं! हलकेच ओढा, तुटल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते.

व्होल्टच येत नसतील, तर मग स्विच. काही जुन्या गाड्यांत तो पाऱ्याचा असतो: बॉनेट कललं की पारा सरकून सर्किट जुळतं. काच फोडू नका, पारा विषारी आहे.

दिवा लागला की इंजिन बंद ठेवून फोनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करा, फोन आत ठेवून बॉनेट लावा, मग व्हिडिओत दिवा विझतो का ते बघा. दिवा विझत नसेल तर बॅटरी उतरेल.